वजन कमी करण्याचं इंजेक्शन सुरू करताना: पहिल्या तीन महिन्यांत काय होतं, काय सांभाळायचं

आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं आणि भूक कमी होते, इतकं हे औषध ऐकायला सोपं आहे. टोचणं खरंच सोपं असतं. अवघड जातं ते पहिल्या दहा-बारा आठवड्यांत पोट, ताट आणि डोस यांचा मेळ बसवणं. बहुतेकांना होणारा त्रास डोस घाईनं वाढवल्यामुळे किंवा जेवण पूर्वीसारखंच ठेवल्यामुळे होतो, आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो.

भारतात सध्या मुख्यतः दोन औषधं वापरात आहेत. एक सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्ही आणि मार्च २०२६ मध्ये पेटंट संपल्यावर आलेले इतर कंपन्यांचे स्वस्त ब्रँड. दुसरं टिर्झेपटाइड, म्हणजे मौंजारो. जेवल्यावर आतड्यातून जी संप्रेरकं सुटतात त्यांची नक्कल ही औषधं करतात. मेंदूला पोट भरल्याचा निरोप लवकर जातो आणि जठर सावकाश रिकामं होतं. मळमळ, ढेकर, बद्धकोष्ठ हे त्रास बरेचसे या संथपणातून येतात. म्हणून ते होत असताना औषध 'अंगाला लागत नाही' असं समजायचं कारण नाही. आणि काहीच त्रास झाला नाही म्हणजे औषध नकली, असंही नाही.

सुरू करण्याआधी

औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं, आणि चिठ्ठी एंडोक्रायनॉलॉजिस्टची (संप्रेरकांच्या तज्ज्ञाची) किंवा एमडी मेडिसिनची असावी. कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे ते बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३० किंवा जास्त असणाऱ्यांसाठी, किंवा २७ किंवा जास्त असून मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडखळणं असे आजार जोडीला असणाऱ्यांसाठी आहे. लग्नाच्या फोटोंसाठी पाच किलो कमी करायला हे औषध नाही.

काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी स्वतःहून सांगायच्या. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर हे औषध देत नाहीत. (नेहमीचा हायपोथायरॉइड वेगळा; त्यानं अडत नाही.) पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, हे सांगा. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आणि टिर्झेपटाइड किमान एक महिना आधी बंद करावं लागतं. गर्भनिरोधक गोळी चालू असताना टिर्झेपटाइड घेत असाल, तर सुरुवातीचे चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर पुढचे चार आठवडे निरोधसारखं जोडीचं साधन वापरा. गोळी नीट शोषली जाईलच याचा भरवसा नसतो.

मधुमेह असणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडची गोळी, अथवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांचा डोस सुरुवातीलाच कमी करायचा का, हे ठरवून घ्या. जेवण निम्म्यावर येतं आणि गोळी मात्र पूर्वीइतकीच, अशानं साखर झपकन खाली जाते. आपल्याकडे ग्लिमेपिराइड अनेकदा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असतं, त्यामुळे ते आपण घेतोय हेच अनेकांना ठाऊक नसतं. पट्टीच्या मागचं नाव वाचा. मधुमेह जुना असेल तर डोळ्यांचा पडदा आधी तपासून घ्या, कारण साखर वेगानं खाली आली की पडद्याचा जुना आजार काही काळ बळावू शकतो.

तपासण्यांत साधारणपणे एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या चाचण्या, लिपिड (रक्तातली चरबी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि बी१२ जीवनसत्त्व येतात. घरी वजनासोबत बेंबीच्या रेषेत कंबरेचं माप लिहून ठेवा. काटा अडकतो तेव्हा टेप बऱ्याचदा हललेली असते.

आणि पैशांचा हिशोब वर्षाचा करा, महिन्याचा नव्हे. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा २.५ मिग्रॅची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिग्रॅची ४,३७५ रुपयांना होती. एक कुपी म्हणजे एका आठवड्याचा डोस, म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५०० रुपये. आता स्वस्त पर्याय आहेत, पण प्रश्न तोच राहतो: हे दीड-दोन वर्षं परवडेल का? तीन महिने घेऊन सोडण्यात फारसा अर्थ नाही. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेल्या वजनापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश परत आलं.

डोसची पायरी

सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिग्रॅपासून सुरू होतं. चार आठवड्यांनी ०.५, मग १, मग १.७ आणि शेवटी २.४ मिग्रॅ, प्रत्येक पायरीवर किमान चार आठवडे. टिर्झेपटाइड २.५ मिग्रॅ चार आठवडे, मग ५ मिग्रॅ. पुढे गरज असेल तरच दर चार आठवड्यांनी किंवा त्याहून सावकाश २.५ नं वाढवत जास्तीत जास्त १५.

पहिली पायरी वजन उतरवण्यासाठी नसतेच. ती आतड्यांना सवय लावण्यासाठी असते. पहिल्या महिन्यात काहींचं दीड-दोन किलो उतरतं, काहींचा काटा हलतच नाही, आणि दोन्ही ठीक आहे. 'काहीच होत नाहीये, पुढचा डोस आत्ताच घेऊ का' हा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हमखास येतो. उत्तर: नाही. सेमाग्लुटाइडला शरीरातून निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो, टिर्झेपटाइडला पाच दिवस. म्हणजे प्रत्येक इंजेक्शन आधीच्या उरलेल्या औषधावर चढतं आणि पातळी स्थिरावायला चार-पाच आठवडे जातात. घाईनं वाढवलेला डोस उलटी करून बाहेर काढता येत नाही, तो उतरेपर्यंत सोसावा लागतो.

उलट बाजूही आहे. एखाद्या पायरीवर भूक आटोक्यात आहे, वजन उतरतंय, त्रास नाही, तर वर जायची सक्ती नसते. टिर्झेपटाइडच्या ७२ आठवड्यांच्या चाचणीत ५ मिग्रॅवर सरासरी १५ टक्के वजन उतरलं आणि १५ मिग्रॅवर २०.९ टक्के. फरक आहे, पण तिप्पट डोसला तिप्पट फळ नाही. मधुमेह असणाऱ्यांचं वजन तुलनेनं कमी उतरतं, हेही आधीच धरून चालावं.

कुपी असेल तर सिरिंजच्या खुणा आधी समजून घ्या

इथे होणारी चूक सगळ्यात धोक्याची, आणि आपल्याकडे ती सहज होते. भारतातल्या मेडिकल दुकानांत दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात. लाल टोपणाची यू-४०, तिच्यात १ मिली म्हणजे ४० युनिट. नारिंगी टोपणाची यू-१००, तिच्यात १ मिली म्हणजे १०० युनिट. मौंजारोच्या कुपीतला डोस ०.५ मिली असतो. तो यू-४० वर २० च्या खुणेपर्यंत येतो आणि यू-१०० वर ५० च्या. कुणीतरी '२० पर्यंत भर' सांगितलं आणि हातात नारिंगी टोपणाची सिरिंज असली, तर निम्म्याहून कमी औषध जातं. यू-१०० साठी सांगितलेला २० चा आकडा लाल टोपणाच्या सिरिंजवर भरला, तर अडीच पट जातं.

सेमाग्लुटाइडच्या कुप्यांमध्ये दर मिलीत किती मिग्रॅ आहे हे ब्रँडनुसार बदलू शकतं. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तिन्ही गोष्टी लिहून घ्या: किती मिग्रॅ, किती मिली, आणि कोणत्या टोपणाच्या सिरिंजवर कितवी खूण. ब्रँड बदलला की पुन्हा विचारा. ओळखीच्या माणसाचा 'युनिट'चा आकडा कधीही वापरू नका.

औषध भरायची रीत अशी. हात धुवा. कुपीतलं औषध स्वच्छ पाण्यासारखं, फार तर किंचित पिवळसर दिसलं पाहिजे. गढूळ असेल किंवा कण तरंगत असतील तर वापरू नका. रबरी बूच स्पिरिटच्या कापसानं पुसून वाळू द्या. जितकं औषध घ्यायचं तितकी हवा सिरिंजमध्ये ओढून कुपीत सोडा. हवा न सोडता ओढलं तर पोकळी होऊन दट्ट्या मागे खेचला जातो आणि फुगे येतात. कुपी उलटी धरून सुईचं टोक औषधात बुडालेलं ठेवून खुणेपर्यंत ओढा. फुगा दिसला तर टिचकी मारून वर आणा, कुपीत परत ढकला आणि पुन्हा खुणेपर्यंत भरा. बारीक फुगा त्वचेखाली गेला तर अपाय होत नाही, पण त्याच्या जागेचं औषध कमी पडतं.

एका डोसची कुपी एकदाच वापरायची. पैसे वाचवण्यासाठी ५ मिग्रॅची कुपी दोन आठवडे पुरवणारे बरेच आहेत. अशा कुपीत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात ते रसायन नसतं आणि एकदा सुई गेली की निर्जंतुकपणा संपला.

पेन असेल तर

भारतात मिळणाऱ्या वेगोव्ही आणि मौंजारोच्या पेनमध्ये महिन्याचे, म्हणजे चार डोस असतात. पेनच्या सुया दर वेळी नव्या लावायच्या. ४ मिमीची सुई जाड माणसालाही पुरते. जुनी सुई लावून ठेवलेल्या पेनमधून औषध गळतं आणि आत हवा शिरते. सुई लावल्यावर टोकाशी थेंब येतो का हे पाहायचं असतं. मौंजारोच्या पेनमध्ये हे दर वेळी करायचं, वेगोव्हीच्या पेनमध्ये नवं पेन पहिल्यांदा वापरताना.

सुई सरळ आत घालून बटण दाबा, खिडकीत शून्य आलं तरी लगेच ओढू नका. वेगोव्हीला सावकाश सहापर्यंत, मौंजारोला पाचपर्यंत मोजा. घाईनं काढलं की पोटावरून औषधाचा थेंब ओघळतो. एखादा थेंब राहिला तर पुन्हा टोचायचं नाही.

मौंजारोच्या पेनमध्ये चार डोस संपल्यावरही बरंच औषध शिल्लक दिसतं. ते थेंब तपासण्यासाठी भरलेलं जास्तीचं असतं. सिरिंजनं ते उपसून 'पाचवा डोस' काढू नका. समाजमाध्यमांवर त्याचे व्हिडिओ आहेत म्हणून ते बरोबर ठरत नाही.

टोचायची जागा म्हणजे बेंबीपासून दोन इंच सोडून पोट, मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, किंवा दुसऱ्यानं टोचणार असेल तर दंडाची मागची बाजू. दर आठवड्याला जागा बदला. औषध फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलं तर कमी चुणचुणतं. जेवणाआधी की नंतर, सकाळी की रात्री, यानं फरक पडत नाही.

वार मात्र विचार करून निवडा. औषधाची रक्तातली पातळी पहिल्या एक ते तीन दिवसांत सर्वात वर असते, मळमळही बहुधा त्याच काळात. शुक्रवारी रात्री घेतलं तर शनिवार-रविवार घरी निभावतं. पण रविवारी मटणाचा बेत ठरलेला असेल त्या घरात सोमवार किंवा मंगळवार बरा. सहाव्या-सातव्या दिवशी भूक थोडी परत येते. डोस कमी पडतोय असा त्याचा लगेच अर्थ लावू नका.

फ्रीज, उन्हाळा आणि वीज

औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं. एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या लगेच खाली किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं औषध गोठतं, आणि गोठलेलं औषध वितळल्यावर चांगलं दिसलं तरी टाकूनच द्यायचं. मधल्या फळीवर, खोक्यातच ठेवा.

फ्रीजबाहेर मौंजारोची कुपी २१ दिवस चालते, पण ३० अंशांच्या आत. नागपूर, अकोला, परभणीला एप्रिल-मे मध्ये घरातलं तापमान बऱ्याचदा रात्रीही त्याखाली येत नाही, त्यामुळे 'बाहेर राहिलं तरी चालतं' हा नियम तिथे उन्हाळ्यात लागू नाही. वीज गेली तर फ्रीज उघडू नका, दोन-चार तास काही बिघडत नाही. एसटीनं किंवा रेल्वेनं जाताना इन्सुलिनची थंड पिशवी घ्या, जेलची बर्फाळ पिशवी औषधाला थेट चिकटू देऊ नका आणि सामान गाडीच्या डिकीत ठेवू नका. दुकानदारानं औषध फ्रीजमधून काढून दिलं की नाही हे पाहा, बॅच क्रमांक असलेलं बिल घ्या. जिममधल्या ओळखीतून मिळणारी पावडर किंवा लेबल नसलेली कुपी घेऊ नका, ती कितीही स्वस्त असो.

ताटात काय बदलायचं

पूर्वीचं ताट वाढून घेतलं तर ते संपणार नाही, आणि संपवलं तर उलटी होईल. 'अन्न टाकू नये' ही सवय इथे त्रास देते, म्हणून वाढून घेतानाच निम्मं घ्या. खाताना उचकी, नाक वाहणं, छातीत अडकल्यासारखं वाटणं, एकदम नको वाटणं, अशी काही खूण दिसली की थांबायचं. त्यानंतरचे दोन घास दोन तास छळतात.

कमी जेवणात प्रथिनं बसवणं हे खरं काम. वजनासोबत स्नायूही उतरतात, आणि नुसता चहा-पोळी खाऊन वजन कमी करणाऱ्यांचे जास्तच. बहुतेकांना दिवसाला ६० ते ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांकडून घ्या. अंदाजासाठी: एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात किंवा मटकीच्या उसळीत ६ ते ८, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, कोरड्या ५० ग्रॅम सोया वड्यांत २५, शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५ हून थोडं जास्त. जेवणाचा क्रम उलटा करा: आधी उसळ, अंडं, मासा किंवा पनीर, मग भाजी, मग अर्धी भाकरी, जागा उरली तर भात. आठवड्यातून दोन-तीन वेळा बैठका, भिंतीवरचे पुशअप, डंबेल असा ताकदीचा व्यायाम हवा. नुसतं चालणं स्नायू टिकवायला पुरत नाही.

इंजेक्शननंतरचे दोन-तीन दिवस वडा, भजी, तर्रीची मिसळ, बिर्याणी, श्रीखंड बाजूला ठेवा. तेल-तूप जठरात आधीच जास्त वेळ थांबतं, आता आणखी थांबतं. मऊ भात-वरण, ताक, दही, मुगाची खिचडी, इडली चालते. एकादशीची साबुदाणा खिचडी या औषधावर अगदी वाईट बसते: तेलकट, जड, प्रथिनं नगण्य. उपवास करायचाच तर भगर, दही, ताक, थोडे दाणे घ्या. निर्जळी उपवास किंवा रोजे असतील तर आधी डॉक्टरांशी बोला, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच.

नेहमीचे त्रास

मळमळ सर्वात जास्त आढळते आणि बहुधा डोस वाढवल्यानंतरच्या आठवड्यात. थोडं-थोडं खा, जेवून लगेच आडवं होऊ नका. फार झाली तर डॉक्टर ऑन्डानसेट्रॉन ही उलटी थांबवणारी गोळी देतात. पण त्यानं बद्धकोष्ठ वाढतं, म्हणून रोजची सवय नको.

बद्धकोष्ठाचं लोक दुर्लक्ष करतात आणि मग पाचव्या-सहाव्या दिवशी हाल होतात. भूक गेली की तहानही कमी लागते, त्यामुळे पाणी ठरवून प्या, दोन लिटर तरी. इसबगोल घ्यायचं तर पूर्ण ग्लास पाण्यासोबत. कमी पाण्यात ते आतच घट्ट बसतं. तीन दिवस शौचाला झालं नाही तर डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोजसारखं औषध घ्या.

सडक्या अंड्यासारखे ढेकर येतात, ते जठरात रेंगाळलेल्या अन्नाचे. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं केलं की बहुधा कमी होतात. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात; ती ग्लासभर पाण्यात ओतू नये. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात, ते वजन झपाट्यानं उतरल्यामुळे. सहसा परत येतात, पण प्रथिनं आणि लोह तपासा. उभं राहताना चक्कर येत असेल तर रक्तदाब मोजा: वजन उतरलं की रक्तदाबाची जुनी गोळी जास्त होते.

यांपैकी काही दिसलं तर पुढचं इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा: पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी, पाठीकडे जाणारी कळ, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि ताप किंवा कावीळ, पाणीही न टिकणं आणि लघवी कमी, गडद होणं, पोट फुगून वायूही न सरणं, अचानक कमी दिसणं, चेहरा सुजणं किंवा धाप लागणं. यांवर ॲसिडिटीची गोळी घेऊन रात्र काढू नका.

डोस चुकला, शस्त्रक्रिया ठरली

टिर्झेपटाइड चुकलं तर चार दिवसांच्या आत घ्या, सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडून ठरलेल्या वारी पुढचं घ्या. दोन डोस एकत्र कधीच नाही. सलग दोन-तीन आठवडे सुटले तर जुन्याच मोठ्या डोसवर परत येऊ नका. सवय मोडलेली असते, पुन्हा खालच्या पायरीवरून चढावं लागू शकतं.

कुठलीही शस्त्रक्रिया, एंडोस्कोपी किंवा भूल ठरली की हे इंजेक्शन चालू असल्याचं आठ-पंधरा दिवस आधी सांगा. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेलं असू शकतं आणि भुलेत ते फुप्फुसात जाऊ शकतं. इंजेक्शन थांबवायचं की आधी पातळ आहारावर राहायचं, हे भूलतज्ज्ञ ठरवतील.

वापरलेल्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, त्या कचरावेचकांच्या हातात घुसतात. डिटर्जंटची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, सुया त्यात टाका, तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीनं बंद करून जवळच्या दवाखान्यात द्या.